जुन्या आउटबोर्ड मोटरला करंट येत नाही? सीडीआयचा डबा बदलण्याआधी वायर तपासा

दोरी ओढून ओढून खांदे भरून आले तरी बोटीच्या मागे लावलेलं जुनं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, घेत नसेल, तर बहुतेक ठिकाणी एकच निदान कानावर पडतं: ‘सीडीआय गेला.’ सीडीआय म्हणजे ठिणगीसाठीची वीज साठवून सोडणारा डबा, आणि तो महाग. बेळगाव-चिकोडीच्या बाजारात सहजासहजी मिळत नाही, गोव्याहून किंवा कारवारहून मागवावा लागतो. बसवून पाहिलेला डबा दुकानदार परतही घेत नाही. तो बसवल्यावरही इंजिन गप्पच राहिलं तर मग कुठे बघायचं हे कोणालाच सुचत नाही. माझं मत सरळ आहे. जुन्या मोटरीचा करंट जातो तो बहुतेक वेळा वायरींत, जोडांत आणि अर्थिंगमध्ये. डबा सर्वांत शेवटी संशय घ्यायची वस्तू आहे. ही तपासणी कोणत्या क्रमाने करायची, हे नवशिक्याला घरच्या अंगणात करून बघता येईल असं इथे सांगतो.

आपल्या भागात हे शिकून ठेवायला तसंच कारण आहे. कोयनेचा विसर्ग वाढला, पंचगंगा फुगली आणि वेदगंगेला पोटात घेऊन दूधगंगा खाली आली की कृष्णेवरचा कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली जातो आणि दोन्ही काठांची गावं एकमेकांपासून तुटतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत चिकोडी, अथणी, कागवाड, रायबाग भागातल्या नदीकाठच्या लोकांनी बोट म्हणजे काय ते अनुभवलंय. वर्षभर शेडात पडलेली मोटर ऐन जुलैत बाहेर काढायची आणि ती घेत नाही म्हणून काठावर ताटकळायचं, ही वेळ कोणावर येऊ नये. म्हणून हे काम मे महिन्यात करा.

करंट तयार कसा होतो

मी इथे धरून चाललोय ती मोटर म्हणजे हाताने दोरी ओढून चालू होणारी, हँडलने वळवायची, एक किंवा दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. आपल्याकडच्या जुन्या यामाहा, सुझुकी, जॉन्सन, एव्हिन्रूड बहुतेक याच जातीच्या.

वरच्या फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला चुंबक असतात. फ्लायव्हील फिरलं की त्याच्याखालच्या चार्ज कॉइलमध्ये वीज तयार होते आणि ती सीडीआयच्या डब्यात साठते. दुसरी एक छोटी पल्सर कॉइल असते. गॅरेजमध्ये तिला पिकअप म्हणतात. पिस्टन वर आल्याचा इशारा ती देते. इशारा मिळताच डबा साठवलेली सगळी वीज एकदम सोडतो, बंधाऱ्याचे दरवाजे एका झटक्यात उघडावेत तशी. ती इग्निशन कॉइलमध्ये जाते, तिथे हजारो व्होल्टची होते आणि जाड वायरीतून प्लगवर ठिणगी पडते.

या सगळ्यात बॅटरी कुठेच नाही, हे नीट ध्यानात घ्या. बऱ्याच मोटरसायकलींवर चावी फिरवली की इग्निशनला बॅटरीचा करंट मिळतो. इथे उलटं आहे. स्टॉप बटणाचं काम करंट देण्याचं नाही, मारण्याचं आहे. बटण दाबलं की डब्यातून आलेली स्टॉपची वायर इंजिनच्या अंगाला, म्हणजे अर्थला, टेकते आणि ठिणगी बंद होते. त्यामुळे ही वायर कुठेही घासून, चेपून किंवा ओलाव्याने अर्थ झाली, तर बटण कायम दाबलेलं असल्यासारखंच होतं. मोटरसायकलवर हात बसलेला माणूस बरेचदा इथेच चुकतो. ‘करंट पोचत नाही’ म्हणून तो स्टॉपच्या वायरीला बॅटरीचे बारा व्होल्ट देतो. असं कधीही करू नका. चांगला असलेला डबा त्या क्षणी जळतो.

हात घालण्याआधी

मोटर बोटीवरून काढून मजबूत स्टँडवर किंवा जाड फळीवर पक्की आवळा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. पेट्रोलचा पाइप काढा, टाकी लांब नेऊन ठेवा. ठिणगी बघण्याचं काम आहे आणि जवळच पेट्रोलची वाफ असली तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. काम मोकळ्या हवेत करा आणि हात कोरडे ठेवा. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी ठिणगीच्या तपासणीत जवळ थांबू नये.

मोटर पाण्याशिवाय चालवायची नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. थंड करणाऱ्या पंपातलं रबरी इंपेलर कोरडं फिरलं की काही सेकंदांत खराब होतं. चालवून बघायची असेल तेव्हा खालचा भाग पाण्याच्या बॅरलमध्ये बुडवा.

लागणारं सामान थोडंच: प्लग पाना, मल्टिमीटर, गॅप बदलता येणारा स्पार्क टेस्टर, क्रोकोडाइल क्लिप लावलेली हातभर वायर, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, कागदी चिकटपट्टी आणि पेन. कोणतीही वायर सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि जोडाच्या दोन्ही टोकांना एकच आकडा लिहिलेली पट्टी लावा. शब्दांपेक्षा आकडे बरे. आपल्याकडे मदतीला येणारा पोरगा कन्नड वाचणारा असू शकतो, पुढच्या वर्षी मोटर उघडणारा मराठी वाचणारा. १ ला १ जोडायचं, हे दोघांनाही कळतं.

पेट्रोलचा दोष की करंटचा

एवढ्या परीक्षेपुरता पेट्रोलचा पाइप जोडा, पाच-सहा वेळा दोरी ओढा, पाइप आणि टाकी पुन्हा लांब करा आणि लगेच प्लग काढा. ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय आणि ठिणगीवर संशय घ्यायला जागा आहे. प्लग कोरडा ठणठणीत निघाला तर आधी पेट्रोलची वाट तपासा. गेल्या वर्षीचं पेट्रोल टाकीत असेल तर ते काढून टाका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पडून राहिल्यावर पाणी तळाला बसतं. काढलेलं पेट्रोल नदीत ओतू नका.

प्लगवरचा आकडाही बघून घ्या. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, आणि शेवटी ‘-१०’ असेल तर त्याचा गॅप १ मिलिमीटर. मोटरसायकलचा कोणता तरी चुडीत बसतो म्हणून लावलेला प्लग मी पुष्कळ मोटरींत पाहिलाय. कंपनीने सांगितलेल्या नंबरचाच नवा प्लग हाताशी ठेवा. एवढा खर्च आधी करा, पुढची निम्मी शंका तिथेच मिटते.

ठिणगी बघायची रीत

सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरेल आणि वेग येईल. सीडीआयला ठरावीक वेग लागतोच. दोरी हळू ओढली तर चांगली मोटरही ठिणगी देत नाही. टेस्टरचं एक टोक प्लग कॅपमध्ये घाला आणि दुसरं क्लिपने इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूला लावा. टेस्टर प्लगच्या भोकांपासून लांब ठेवा, कारण त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते.

दोन सिलिंडर असतील तर दुसरी कॅप मोकळी लोंबकळत ठेवू नका. तिच्यातही प्लग घालून तो अर्थ करा. ठिणगीला वाट मिळाली नाही तर दाब कॉइलवर आणि डब्यावर उलटतो.

सीडीआयच्या मोटरीत गॅप साधारण १० मिलिमीटर ठेवा, पॉइंटवाल्या, म्हणजे सीडीआय नसलेल्या फार जुन्या मोटरीत ६ च्या आसपास. निळसर पांढरी, ‘टक्’ आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी-तांबूस, बारीक, मधेच गायब होणारी असेल तर ती कामाची नाही. नुसता प्लग अर्थ करून ठिणगी बघितली आणि ‘आहे की’ म्हणालात तर फसाल. मोकळ्या हवेत ठिणगी सहज उडते, सिलिंडरच्या दाबाखाली तीच अडते. म्हणून टेस्टर.

आता तीनपैकी एक चित्र समोर येईल: ठिणगी कुठेच नाही, एकाच सिलिंडरला नाही, किंवा थंड असताना आहे आणि गरम झाल्यावर जाते. पुढची वाट यावर ठरते.

कुठेच ठिणगी नाही: स्टॉपची वायर

सर्वांत आधी स्टॉप बटणाजवळची लाल दोरीची क्लिप जागेवर आहे का बघा. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून ती मनगटाला बांधतात. क्लिप निघालेली असेल तर मोटर घेणारच नाही. क्लिप हरवली म्हणून तार गुंडाळलेली किंवा प्लास्टिकचा तुकडा खुपसलेला असतो, तोही नीट बसलेला नसतो. मूळ क्लिप आणा. जीव वाचवणारी वस्तू आहे ती.

क्लिप ठीक असेल तर स्टॉपची वायर शोधा. यामाहात ती पांढरी असते आणि अर्थ काळी. जॉन्सन, एव्हिन्रूड आणि मर्क्युरीत बहुधा काळ्यावर पिवळी रेघ. पण जुन्या मोटरीत कोणी तरी मधेच हाताला लागली ती वायर जोडलेली असू शकते, म्हणून रंगावर विसंबू नका. बटणापासून बोटाने वायर धरत डब्यापर्यंत जा. मधे एक बुलेट कनेक्टर सापडेल. तो सोडा. बटणाकडचं टोक लांब ठेवा आणि डब्याकडचं टोक कशालाही टेकू देऊ नका. पुन्हा दोरी ओढून ठिणगी बघा.

ठिणगी आली? मग डबा, कॉइल, पल्सर सगळं शाबूत आहे. दोष बटणात किंवा त्या हातभर वायरीत आहे.

येडूरच्या अंगाला एका फायबर बोटीची मोटर बघायला गेलो होतो. नावाडी म्हणाला, “मामा, दोन गॅरेज झाली, दोघंबी डबा बदला म्हणतात.” वायर सोडून दोरी ओढली आणि दोन्ही सिलिंडरला खणखणीत ठिणगी. मग मीटर ओहमवर लावून बटणाकडच्या वायरीचं टोक आणि इंजिनचं अंग यांत धरला. हँडल सरळ असताना वाट बंद, म्हणजे करंट जायला रस्ताच नाही, आणि हे बरोबर. हँडल उचलून डावीकडे वळवलं की आकडा थेट शून्याकडे. हँडल जिथे मोडतं त्या सांध्यात वायर वर्षानुवर्षं घासून तिचं प्लास्टिक गव्हाच्या दाण्याएवढं उडालं होतं आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं. वळताना ते नेमकं ॲल्युमिनियमला टेकत होतं. काठाला लागताना मोटर बंद पडते ही त्याची जुनी तक्रारही तिथेच सुटली, कारण काठाला लागताना तो नेहमी डावीकडेच वळवत असे.

तुम्हीही मीटर असाच धरा. क्लिप जागेवर आणि बटण मोकळं असताना वाट बंद दिसली पाहिजे. बटण दाबल्यावर किंवा क्लिप काढल्यावर शून्याच्या जवळ. हे बघताना हँडल वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा, वायर जागोजाग दाबून बघा. बटणात पाणी शिरलेलं असेल तर आकडा ना शून्य ना बंद, मधेच कुठे तरी घुटमळतो. तेवढी गळतीही ठिणगी अशक्त करायला पुरते. असं बटण साफ करत बसू नका, बदला.

स्टॉपची वायर सोडून ठेवून बोट पाण्यात न्यायची नाही. ‘चालतंय ना, राहू दे’ म्हणून लोक नेतात. माणूस पाण्यात पडला आणि इंजिन बंद करता आलं नाही तर पंखा त्याच्यावर जातो. वायर सोडलेली असताना चुकून मोटर चालू झालीच तर चोक पूर्ण ओढा, ती गुदमरून बंद होईल.

अर्थ

स्टॉप सोडूनही ठिणगी नसेल तर काळ्या वायरी. डबा आणि कॉइल स्क्रूने इंजिनच्या अंगाला आवळलेले असतात आणि त्यांच्या काळ्या वायरीचा थिंबल, म्हणजे टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, त्याच स्क्रूखाली येतो. कोणी हौसेने मोटर रंगवली असेल तर थिंबलखाली रंगाचा थर असतो. रंग नसेल तर पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. स्क्रू काढा, थिंबल आणि खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, नवा स्टार वॉशर घालून आवळा आणि मग वरून थोडं ग्रीस फासा. ग्रीस आधी नाही, आवळल्यावर.

नंतर डब्याची काळी वायर आणि इंजिनचं अंग यांत मीटर धरा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा, उरलेला अर्ध्या ओहमच्या आत असायला हवा. जास्त असेल तर थिंबलमध्येच वायर तुटत आलीय. बाहेरून धड दिसते, पण आत दोन-चार तारांवर लोंबकळत असते. बोटाने हलकेच ओढली की हातात येते.

जोड, गाळ आणि उंदीर

पुराच्या पाण्यात चाललेल्या मोटरीचं कव्हर काढलं की कोपऱ्याकोपऱ्यांत काळ्या मातीचा बारीक गाळ बसलेला दिसतो. हा गाळ वाळला तरी पावसाळी हवेत ओलावा धरतो आणि जोडाजोडांत करंटची चोरवाट तयार करतो. प्रत्येक कनेक्टर एकेक करून सोडा. एका वेळी एकच, म्हणजे अदलाबदल होणार नाही. गाळ असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. पेट्रोलने धुऊ नका. आगीचा धोका आहेच, शिवाय रबर आणि प्लास्टिक फुगतं. बुलेटवर हिरवट थर असेल तर पॉलिश पेपरने घासा. ढिला झालेला बुलेट पकडीने हलकासा दाबा.

वायरीचं टोक काळं-हिरवं झालेलं असेल तर थोडं सोलून बघा. तांबं चमकत नसेल तर आणखी मागे सोला. गंज प्लास्टिकच्या आतून वर चढत जातो. चमकणारं तांबं लागेपर्यंत कापायचं, मधेच थांबायचं नाही.

उसाच्या फडाजवळच्या शेडात मोटर ठेवत असाल तर उंदरांच्या दातांच्या खुणाही शोधा. फ्लायव्हीलच्या खाली आणि कव्हरच्या मागच्या बाजूला त्यांना उबदार जागा मिळते. कुंभारमाशीचं मातीचं घर वायरीच्या गुंडाळीत सापडलं तर तेही खरवडून काढा, तीच माती पुढे ओल धरते.

एकाच सिलिंडरला ठिणगी नाही

हे सोपं प्रकरण आहे, कारण तुलनेला दुसरा सिलिंडर आहे. स्टॉप आणि चार्ज कॉइल बहुधा दोघांना सामाईक असतात, म्हणून संशय त्या एका वाटेवरच राहतो: प्लग, कॅप, जाड वायर, इग्निशन कॉइल किंवा त्या सिलिंडरचा पल्सर.

आधी प्लग अदलाबदल करा. मग कॅप. कॅप जाड वायरीत स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती उलटी फिरवून काढा, वायरीचं काळं पडलेलं टोक पाच-सहा मिलिमीटर कापा आणि पुन्हा फिरवून बसवा. करंट इथेच गळण्याचं प्रमाण बरंच आहे. कॅपवर ५ किलो-ओहम लिहिलेलं असेल तर मीटरवरही त्याच्या आसपास आलं पाहिजे. वाट बंद दाखवत असेल तर कॅप फेका.

दोन्ही सिलिंडरांना वेगवेगळ्या इग्निशन कॉइल असतील तर त्यांची जागा बदला. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर पल्सर किंवा डबा.

जाड वायरीत तडे असतील तर ते अंधारात कळतात. रात्री, मोटर बॅरलमध्ये चालू ठेवून, टॉर्च बंद करून कव्हरच्या आत बघा. वायरीच्या अंगावरून इंजिनकडे उडणाऱ्या निळ्या रेषा दिसतील. हात, कपडे आणि चेहरा फिरत्या फ्लायव्हीलपासून लांब.

कॉइल मीटरवर

आता मॅन्युअल लागेल. प्रत्येक मॉडेलच्या चार्ज कॉइल आणि पल्सरचे ओहम वेगळे. कॉइलच्या वायरी डब्यापासून सोडून मगच मीटर लावा, जोडलेल्या असताना येणारा आकडा खोटा असतो. मॅन्युअलमधले आकडे २० अंश तापमानाचे धरलेले असतात. अथणीच्या मे महिन्यात शेडात ४० अंश असतील तर तांब्याचा अडथळा साधारण आठ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ५०० ओहमची कॉइल ५४० दाखवेल आणि ती चांगलीच आहे. आकडा थोडा वर आला म्हणून कॉइल मोडीत काढू नका. वाट पूर्ण बंद दाखवली किंवा आकडा निम्म्याच्या खाली आला तर ती गेलीच.

इग्निशन कॉइलची पहिली बाजू बहुतेक वेळा एक ओहमच्याही आत असते, म्हणून मीटरच्या पिनांचा आकडा वजा करायला विसरू नका. दुसरी बाजू, कॅप काढून मोजलेली, काही किलो-ओहमची.

ओहम बरोबर असूनही कॉइल दाबाखाली दगा देऊ शकते. ते बघायला मीटरला ‘पीक व्होल्टेज’ अडॅप्टर लागतो. साधा मल्टिमीटर इतका झटपट येऊन जाणारा व्होल्टेज पकडू शकत नाही. अडॅप्टर असेल तर दोरी ओढताना चार्ज कॉइल ढोबळमानाने दीडशे व्होल्टच्या वर जायला हवी, नेमका आकडा मॅन्युअलचा धरा. हे व्होल्टेज अंगाला बसलं तर चांगलाच झटका देतं. दोरी ओढताना उघड्या टोकांना हात लावायचा नाही.

थंड असताना नीट चालणारी आणि पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडून, निवल्यावर पुन्हा घेणारी मोटर असेल तर टेस्टर बोटीतच ठेवा आणि काठाला बांधलेल्या बोटीवर ती बंद पडताच लगेच ठिणगी बघा. गेलेली असेल तर कॉइलच्या आतली तार गरम होऊन सुटतेय. संशय असलेल्या कॉइलवर हेअर ड्रायर धरून, ती तापत असताना ओहम बघत राहा. आकडा एकदम उडी मारतो ती कॉइल बदला.

पॉइंटवाली मोटर आणि फ्लायव्हील

फार जुन्या मोटरीत सीडीआय नसतो, फ्लायव्हीलखाली पॉइंट आणि कंडेन्सर असतात. जुन्या जॉन्सन-एव्हिन्रूडमध्ये पॉइंटचा गॅप बहुधा ०.५ मिलिमीटर. पॉइंट बारीक पेपरने घासल्यावर स्पिरिटमध्ये बुडवलेलं जाड, स्वच्छ कार्ड त्यातून ओढा. घासलेली धूळ आणि तेलाचा पातळ थर राहिला तरी ठिणगी येत नाही. नव्या पॉइंटवरही तेलाचा हात दिलेला असतो, तोही पुसा.

पल्सर किंवा पॉइंटसाठी फ्लायव्हील काढावं लागलं तर हातोडी बाजूला ठेवा. ठोकल्याने चुंबक निखळतात आणि क्रँकलाही मार बसतो. फ्लायव्हीलच्या मधल्या भागात चुड्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट घालून ओढणारा पुलर वापरा. कडेला जबडे लावून ओढू नका. पुलर मिळत नसेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही टर्नरकडे जाडजूड गोल प्लेट, भोकांच्या मापाचे बोल्ट आणि मधे एक मोठा बोल्ट सांगून करून घेता येतो. फ्लायव्हील निघालं की शाफ्टवरची अर्धचंद्राची चावी बघा. ती कातरली गेली असेल तर ठिणगी छान असूनही चुकीच्या वेळी पडते आणि माणूस दिवसभर वायरी शोधत बसतो.

डबा शेवटी

स्टॉप, अर्थ, जोड, कॅप, कॉइल, पल्सर सगळं तपासून झालं, डब्याला मिळायचं ते सगळं मिळतंय, आणि तरीही तो ठिणगी सोडत नाही, तेव्हाच डबा बदला. शक्य असेल तर त्याच मॉडेलचा डबा ओळखीच्या नावाड्याकडून तासाभरासाठी मागून लावून बघा. नदीकाठी असं सामान मागायला कोणी नाही म्हणत नाही.

वायर जोडताना

घरातल्या वायरिंगची एकेरी तार वापरू नका. इंजिनाच्या थरथरीत ती मोडते. बारीक तारांची, शक्यतो कल्हई केलेल्या तांब्याची वायर घ्या, १ ते १.५ चौरस मिलिमीटरची. दोन टोकं पिळून वरून इन्सुलेशन टेप मारणं हा आपल्याकडचा सर्वांत मोठा रोग आहे. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, पावसात पाणी शिरतं. बुलेट किंवा थिंबल क्रिम्पिंगच्या पकडीने दाबा आणि वर आतून गोंद असलेली उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवा. नुसतं सोल्डर केलेला जोड थरथरीत सोल्डर संपतो तिथे तुटतो, म्हणून क्रिम्प बरा. हँडलच्या सांध्यात वायरीला थोडा ढिलावा ठेवा. आवळण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि उचलून बघा, वायर कुठेच ताणली किंवा चेपली जाता कामा नये.

सगळं जोडून झाल्यावर मोटर बॅरलमध्ये चालू करा. पहिलं काम: स्टॉप बटण दाबा, बंद व्हायला हवी. पुन्हा चालू करा आणि क्लिप ओढा, पुन्हा बंद व्हायला हवी. दोन्ही झाल्याशिवाय मोटर बोटीवर चढवू नका. मग बोट काठाला दोराने पक्की बांधून पंधरा-वीस मिनिटं गिअरमध्ये चालवा, बंद करा आणि गरम असतानाच पुन्हा दोरी ओढा. पहिल्या-दुसऱ्या ओढीला घेतली तर लाइफ जॅकेट घाला, वल्ही आणि लांब दोर बोटीत टाका आणि पहिली फेरी काठाकाठानेच मारा.